प्रतिसाद : स्वर तेच, षड्ज वेगळा

वर एकांनी विचारले आहे की पाश्चात्त्य संगीतातले सगळे मोड (स्वरसप्तकांचे प्रकार) जर मेजर स्केलच्याच सात सुरांतून निघत असतील, तर त्यांना निराळी नावे कशासाठी. फोंड्याकडच्या भजनांत पेटीची साथ करत असल्यामुळे मला याचे उत्तर पेटीवरच सापडले. सफेद एकपासून (सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, इंग्रजी C) फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या तर बिलावल थाट (थाट म्हणजे सात स्वरांचा साचा), म्हणजेच मेजर स्केल मिळतो. त्याच पट्ट्या सफेद दोनला षड्ज (सा) मानून वाजवल्या की गंधार आणि निषाद कोमल होऊन काफी, म्हणजे डोरियन, उभा राहतो. तीनपासून भैरवी, चारपासून कल्याण, पाचपासून खमाज आणि सहापासून आसावरी. आपल्याकडे यालाच मूर्च्छना म्हणतात.

मात्र प्रयोग करताना तंबोऱ्याचा किंवा पेटीचा आधारस्वरही बदलावा लागतो, कारण खाली सफेद एकच वाजत राहिला तर तुम्ही कुठूनही सुरुवात केलीत तरी कानाला बिलावलच ऐकू येतो, आणि बहुतेकांचा गोंधळ नेमका इथेच होतो. सातव्या पट्टीपासून निघणाऱ्या लोक्रियन मोडमध्ये शुद्ध पंचमच नाही, त्यामुळे संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या 10 थाटांत त्याला जागा नाही. चर्चच्या कॉयरमध्ये सोल्फेज (डो-रे-मी म्हणत सूर गाण्याची पद्धत) शिकलेल्या मित्रांना हे समजावताना मी ‘डो’ला षड्ज म्हणतो, पण त्यांचा ‘डो’ पुष्कळदा सफेद एकलाच खिळलेला असतो, ही अडचण उरतेच.

थाट म्हणजे राग नव्हे, हा मुद्दा आधीच्या प्रतिसादांत आलेला आहे.