लूकमध्ये नुसतं ‘भुकेले’, मत्तयमध्ये ‘नीतिमत्त्वाचे भुकेले’, असं का?

प्रश्न: बायबलमध्ये मत्तय आणि लूक ही दोन्ही येशूच्या जीवनाची आणि शिकवणीची पुस्तकं. मत्तय ५:६ मध्ये येशूने नीतिमत्त्वाचे भुकेले धन्य म्हटलंय, पण लूक ६:२१ मध्ये सरळ भुकेले, म्हणजे पोटाचीच भूक ना? मग खरी कुठली धरायची?

उत्तर: दोन्ही. लूक तर चार वचनांनंतर तृप्त लोकांची हजेरीच घेतो, तिथे आध्यात्मिक अर्थ लावून पळवाट नाही मिळत.

उत्तर: योहान ६ पण बघा, पाच हजार लोक जेवले, दुसऱ्या दिवशी परत शोधत आले तर येशू तोंडावर सांगतो की पोट भरलं म्हणून आलात, आणि मग ‘मीच जीवनाची भाकर आहे’. पण आधी जेवू घातलं हं, प्रवचन नंतर!

उत्तर: याचं मूळ जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, ८:३ मध्ये आहे, इस्राएली लोकांना रानात आधी उपास घडला मग मान्ना (देवाने दिलेलं अन्न), का तर मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही हे कळावं म्हणून. हेच येशू ४० दिवसांच्या उपासानंतर सैतानाला ऐकवतो, स्वतःच्या पोटात कावळे ओरडत असताना.

प्रश्न: ओके, पण उपाशी माणसाला नुसतं वचन ऐकवलं तर?

उत्तर: याकोब २:१६ वाचा, ऊब घ्या, तृप्त व्हा म्हणत रिकाम्या हाती पाठवणाऱ्यांना चांगलंच झापलंय.