मदत हवी आहे: गोल्फसाठी ५६ अंशांची वेज (उंच, जवळच्या फटक्यांची काठी), व्होकी एसएम१० की क्लीव्हलँड आरटीएक्स ६?

मंडळी, सँड वेज बदलायचीय आणि गाडी दोन नावांवर अडलीय: टायटलिस्टची व्होकी एसएम१० आणि क्लीव्हलँडची आरटीएक्स ६ झिपकोअर.

हँडिकॅप १८, म्हणजे मध्यम दर्जाचा हौशी खेळाडू. खेळणं पुण्यात, म्हणजे पावसाळाभर जमीन भुसभुशीत आणि एप्रिल-मेमध्ये तीच दगडासारखी. माझा स्विंग वरून खाली येतो, डिव्हॉट (फटक्यासोबत उखडणारा मातीचा तुकडा) तळहाताएवढा नि जाडजूड निघतो. पिचिंग वेज ४६ ची, मधे ५१ ची आहे, ती राहणार. ६० ची कृपया सुचवू नका, ती माझ्या हातात टिकत नाही. रॉ फिनिशही (मुलामा नसलेलं उघडं लोखंड) नको, पावसात गंजते. बजेट ठरलेलं आहे, दोन्ही त्यात बसतात.

दुकानात दोन्ही मारून पाहिल्या, पण मॅटवर. तिथे सगळंच गोड लागतं. सोल (काठीच्या डोक्याचा तळ) मातीत रुतते की नाही, ते कळत नाही. लाँच मॉनिटरवर (फटका मोजणाऱ्या यंत्रावर) चेंडूच्या स्पिनचा फरक नावालाच होता. क्लीव्हलँडच्या फेसवरच्या (चेंडूला लागणाऱ्या बाजूवरच्या) बारीक लेसर रेघा ओल्या चेंडूवर पकड राहावी म्हणून आहेत, त्यामुळे मन तिकडे झुकतं. व्होकीत मात्र ५६ मध्येच बाउन्सचे (तळाचा कोन, जो जितका जास्त तितकी काठी कमी रुतते) पर्याय जास्त: एस ग्राइंडला (ग्राइंड म्हणजे तळ घासून दिलेला आकार) १०, डीला १२, एफला १४.

दोन्ही हंगामांत यांपैकी एखादी वापरलेल्यांनी सांगा: माझ्यासारख्या खणणाऱ्याच्या हातात व्होकीची १४ ची एफ उन्हाळ्यात कडक जमिनीवरून उसळते का, आणि क्लीव्हलँडची १० बाउन्सची मिड ग्राइंड पावसाळ्यात रुतते का?