अनुभव धागा: पैसे असूनही क्रेडिट कार्डाचं पेमेंट परत गेलंय का कुणाचं?

धागाकर्ती
मंडळी, माझा पगार ३० तारखेला होतो आणि कार्डाची ड्यू डेटही नेमकी ३०. गेल्या महिन्यात सकाळी सव्वासातलाच मेसेज, तुमचं ऑटो डेबिट (बिलाचे पैसे खात्यातून आपोआप कापणं) परत गेलं. पगार पडला ११ वाजता! बिल १८,४६२ चं, खात्यात १७,९००, म्हणजे साडेपाचशे रुपयांसाठी बँकेने वेगळे कापले, कार्डवाल्यांनी वेगळे आणि दोन्हीवर १८ टक्के जीएसटी. नवरा म्हणतो तो मिक्सरच घ्यायला नको होता. तुमचे किस्से लिहा, आणि त्यानंतर काय बदललंत तेही.

दुकानदार
मला रविवारने फसवलं. गल्ल्यातली रोकड सोमवारी सकाळी बँकेत भरायची ही जुनी सवय, रविवारी कोण कापतंय. पण १ ऑगस्ट २०२१ पासून एनएसीएच, म्हणजे ही आपोआप पैसे कापायची बँकांची यंत्रणा, रविवारी, सणासुदीलाही चालू असते हे मला ठाऊकच नाही. पहिल्याच महिन्यात दणका. आता शुक्रवारी भरतो.

शेअरवाला
माझं तर बघा, बॅलन्स दिसत होता ४२ हजार, बिल ३१ हजारांचं, निवांत झोपलो. त्यातले १४ हजार आठशे आयपीओच्या (कंपनीच्या नव्या शेअरविक्रीच्या) अर्जाला अडकलेले, म्हणजे वापरायला उरले २७ आणि वर थोडे. अ‍ॅपवर मोठ्या अक्षरातला आकडा बघितला, खालचा बारका 'अव्हेलेबल' बघितलाच नाही. आता आयपीओचं खातं वेगळं आणि कार्डाचं वेगळं. कार्डाच्या खात्याला यूपीआय जोडलेलंच नाही, नाहीतर चहा-वडापावात कधी रिकामं होतं कळत नाही.

नव्याने लग्न झालेला
एक गोष्ट लोकांना माहीत नसते, एनएसीएचवालं ऑटो डेबिट अर्धं कापत नाही. लग्नाच्या खरेदीचं बिल आलं १ लाख १० हजार, खात्यात ९५. मला वाटलं ९५ घेतील आणि बाकीचे मी भरेन, कसलं काय, सगळंच परत. त्याच दुपारी मित्राकडून १५ हजार घेतले आणि यूपीआयने पूर्ण भरून टाकलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ड्यू डेटनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय लेट फी लावता येत नाही, त्यामुळे ती वाचली आणि सिबिलही (कर्जफेडीचा स्कोअर). पेमेंट परत गेल्याचा चार्ज मात्र बसला, तो वेगळा असतो.

घाईत टाईप करतेय
माझं उलटं झालं. आदल्या रात्री हाताने पूर्ण बिल भरलं, तरी सकाळी ऑटो डेबिटने तेवढेच पुन्हा ओढले, कारण कापायची यादी कार्डवाल्यांकडून आधीच गेलेली असते. कार्डावर जास्तीचे जमा आणि घरभाड्याचा चेक बाऊन्स!! घरमालक काका चांगले म्हणून निभावलं. आता ऑटो डेबिट असलं की आम्ही हात लावत नाही, किंवा भरायचंच तर बिल आल्या आल्या.

न्यू जर्सीहून
इथेही तेच. बँक बदलली आणि कार्डाच्या साईटवर नवीन खात्याचा एक आकडा चुकीचा टाकला. पेमेंट झालं असं दिसतही होतं, चार दिवसांनी उलटलं. तोवर ड्यू डेट गेलेली. आता नवीन खातं जोडलं की आधी ५ डॉलर पाठवून आठवडाभर थांबतो.

सूनबाई
सासऱ्यांचं केवायसी राहिलं होतं, बँकेने खातं गोठवलं. पैसे भरपूर पण काढता येईनात, म्हणून कार्डाचं ऑटो डेबिटही परत. पत्रं आली होती, बाबांनी ती देवघराच्या खणात नीट जपून ठेवली होती, न फोडता.

धागाकर्ती
सगळ्यांना थँक्स. कस्टमर केअरला फोन करून बिलिंग तारीख बदलून घेतली, निदान एकदा तरी बदलून देणं त्यांना बंधनकारक आहे म्हणे. आता ड्यू डेट येते ८ ला. आणि त्या खात्यात पाच हजार कायम पडून, ते नाहीतच असं समजायचं. नवरा विचारतोय मग त्यातून ओव्हन येईल का.