मदत हवी आहे : राष्ट्रगीत आणि स्वातंत्र्य यावर मुलांशी कसं बोलावं?

नमस्कार मंडळी. १२ जानेवारीला सोलापुरातल्या आमच्या वाचनालयात नववी-दहावीच्या मुलांशी गप्पा ठेवल्या आहेत. १९३१ साली याच दिवशी इथले स्वातंत्र्यसैनिक मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली. त्याआधी १९३० मध्ये सोलापूरकरांनी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, सोसला होता. हे मुलांना ठाऊक आहे, चौकातले पुतळे रोज दिसतात.

अडलंय ते पुढे. तयारीच्या वेळी एका मुलीने विचारलं, "राष्ट्रगीत सक्तीने म्हणायला लावलं, तर मग स्वातंत्र्य कशाला म्हणायचं?" लगेच दुसरा म्हणाला, "जे गात नाहीत त्यांना देशाबद्दल प्रेम नाही." दोघंही अगदी मनापासून बोलत होते. मला मुलीचा प्रश्न मोलाचा वाटतो, पण त्या मुलालाही गप्प बसवायचं नाहीये.

केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढलं आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. हा निकाल मुलांना कळेल अशा मराठीत समजावणारे कोणी वकील इथे आहेत का? दक्षिण आफ्रिकेचं राष्ट्रगीत पाच भाषांत आहे, तेही सांगणार आहे. आपल्याकडे एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलतात, त्यामुळे मुलांना ते पटेल.

शिवाय कोणाच्या घरी आजी-आजोबांनी सांगितलेल्या मार्शल लॉच्या आठवणी असतील, तर कृपया कळवा. कोणत्याही भाषेत चालतील. शक्यतो डिसेंबरअखेरपर्यंत हव्यात.