बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके काळ्या गाडीवरून कसे काढावेत?

मांजराकाठचा (लातूर)

मंडळी नमस्कार. दिवाळीत सेकंडहँड आय-२० घेतली, काळी. मेहुणा म्हणाला होता काळी नको, ऐकलं नाही, आता भोगलालो. आमच्याकडं सगळा कारभार बोअरवर. दर रविवारी गाडी धुतो अन् वाळली की बॉनेटवर, छतावर चुन्याचे शिंतोडे मारल्यासारखे गोल गोल ठिपके. न धुतलेली बरी दिसते, अशी गत. आधी कपड्याची पावडर वापरत होतो, मग २०० रुपयांचा कार शांपू आणला. ठिपके तेच. पुसायला जुनं बनियन.

ओळखीचा वॉशिंग सेंटरवाला म्हणतो, सिरॅमिक कोटिंग करून टाका, १८ हजारात विषय संपतो. करू का?

अजून एक. पाईप लावून धुणं आमच्या घरात चालत नाही. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, पाच लाख लिटरची. त्या उन्हाळ्यापासून नळ चालू दिसला की आई बाहेर येऊन उभी राहते. तेव्हा दोन-तीन बादल्यांत बसेल असंच सांगा.

उदगीरवाला

माझी पांढरी आहे. ठिपके माझ्याही गाडीवर आहेत, दिसत नाहीत एवढंच. 😄 धाग्यात माझाही प्रश्न घुसवतो: दसऱ्याला घरच्यांनी बॉनेटवर ओल्या हळदीचं स्वस्तिक काढलं. कुंकू निघालं, हळदीचा पिवळेपणा राहिला. पेट्रोलनं पुसू का?

नांदेडचा रंगारी

उदगीरवाले, पेट्रोल लावू नका. शांपूनं एकदा धुवा आणि गाडी चार-आठ दिवस उन्हात लावा. हळदीचा रंग ऊन खातं.

आता लातूरकर. १८ हजार तूर्त खिशातच असू द्या. २२ वर्षं झाली डेंटिंग-पेंटिंगमध्ये, कोटिंगही करतो, म्हणजे माझाच धंदा आहे तो. कोटिंग वाईट नाही, पण तुमच्या दुखण्यावरचं ते औषध नव्हे. कोटिंग केल्यावर पाणी पसरत नाही, थेंब गोळा होतो. बरेच थेंब घरंगळून जातात, पण जो बसला तो जागेवरच आटतो आणि पोटातला सगळा क्षार तिथंच सोडतो. कोटिंगवरही ठिपका पडतोच. नंतर गिऱ्हाईक आमच्याशी भांडतं.

ठिपका शांपूमुळं पडत नाही अन् शांपूनं जातही नाही. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो ना, तोच हा. त्याला आंबट लागतं. चायनीजच्या गाड्यावर असतं ते पांढरं व्हिनेगर किराणा दुकानात मिळतं. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी. गाडी सावलीत, बॉनेट हाताला गार लागलं पाहिजे. फडकं त्यात भिजवून ठिपक्यांवर नुसतं ठेवायचं, घासायचं नाही. मिनिटभरानं उचला, लगेच पाणी मारा, मग शांपू. वाळू द्यायचं नाही, आणि क्रोमच्या पट्ट्यांवर नेऊ नका.

तरीही ठिपका दिसत असेल तर हातातली बॅटरी (टॉर्च) आडवी धरून बघा. कडेला गोल कडं अन् मध्ये किंचित खड्डा दिसला, तर क्षारानं क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, खाल्ला. तो पॉलिशनंच निघणार. पण क्लिअर कोट असतो साधारण ४०-५० मायक्रॉन, केसापेक्षा बारीक, आणि दर पॉलिशला त्यातला थोडा जातो. कुणी दर सहा महिन्यांनी रबिंग करून देतो म्हणाला तर हात जोडून निघा.

आता ते बनियन. गेल्या उन्हाळ्यात एक गिऱ्हाईक तीन महिन्यांची काळी गाडी घेऊन आलं. ड्रायव्हर इमानदार माणूस, रोज पहाटे कोरड्या फडक्यानं अख्खी गाडी पुसायचा. उन्हात उभी केली तर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्यानं जाळं विणावं तसे गोल ओरखडे, चारी दारांवर. आपल्याकडची धूळ म्हणजे नुसती माती नव्हे, खडीचा चुरा असतो तीत. काळा दगड तो, क्लिअर कोटपेक्षा कितीतरी टणक. कोरडं फडकं फिरवलं की पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच.

म्हणून आधी मगानं वरून पाणी सोडून धूळ उतरवा. मग दोन बादल्या: एकीत शांपू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शांपूत बुडवायचा, एक पॅनेल धुवायचं, साध्या पाण्यात खंगाळायचा, मगच परत शांपूत. दुसऱ्या बादलीच्या तळाला काय बसतं ते पहिल्या दिवशी बघा, बनियन फेकून द्याल. छतापासून खाली या, टायर आणि दाराखालचा भाग शेवटी, त्याचं फडकं वेगळं. कपड्याची पावडर बंद. ती मेण उतरवते अन् रबर पांढरं पाडते.

खरी मेख पुसण्यात आहे. पाणी गाडीवर आटलंच नाही तर ठिपका येणार कुठून? शेवटचा मग उंचावरून फेकू नका, पॅनेलच्या वरच्या कडेला टेकवून सावकाश ओता, पाणी चादरीसारखं सरकत खाली जातं अन् थेंब कमी राहतात. लगेच मोठा मायक्रोफायबर टॉवेल अंथरा, थोपटा, उचला. एक पॅनेल पुसून मग पुढचं. उन्हं यायच्या आत किंवा दिवेलागणीनंतर धुवा. टॉवेल खाली पडला तर तो टायरचा झाला, झटकून परत बॉनेटवर नेऊ नका. आणि धुताना त्याला कपडे मऊ करायचं लिक्विड घालू नका, पाणी पिणं सोडतो.

आणि हो, खालून डिझेल मारून घ्यायची आपल्याकडं लई आवड. चकचकीत दिसतं, पण रबराचे बुश फुगतात. नकोच.

परभणीची मॅडम

रंगारीदादांनी शिकवण्यासारखं काही ठेवलं नाही, तरी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते म्हणून थोडं. बरेच जण पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओचं फेकायचं पाणी गाडीला वापरतात. भाऊ, ते मुळीच घेऊ नका. चांगलं पाणी गाळून उरलेला सगळा क्षार त्यातच असतो, म्हणजे बोअरपेक्षाही जड. फरशी पुसा त्यानं.

शिवाय 'आमचं बोअर पिण्यालायक आहे' म्हणून गाडीला चालेल असंही नाही. पिण्याच्या पाण्याच्या मानकात टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवा, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. प्यायला चालेल, पण काळ्या गाडीवर रांगोळी उठेल.

शेवटच्या दोन मगांपुरतं मऊ पाणी मिळवा. एसीच्या नळीतून टपकतं ते हवेतलंच पाणी, क्षार जवळपास नाही. एप्रिलात आपली हवा कोरडी, बादली भरायला दिवस जातो. पावसाळ्यात भराभर भरते. नाहीतर पावसाचं: गच्चीवरचा पहिला पाऊस वाहू द्या, नंतरचं ड्रममध्ये धरून झाकून ठेवा.

मांजराकाठचा (लातूर)

रविवारी केलं, सांगतो.

आरओ बसवणाऱ्या मित्राचं टीडीएस मीटर आणलं. बोअर ११४०, आरओचं फेकायचं १८६०. मॅडम, मी महिनाभर तेच वापरत होतो, लाजेनं पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं. व्हिनेगरनं बॉनेट जवळपास साफ. छतावर सात ठिपके राहिले, बॅटरी धरली तर खड्डे स्पष्ट दिसतात. दुसऱ्या बादलीच्या तळाला बोटभर काळी रेती. बनियन गेलं.

शेवटच्या मगाला आरओचं पिण्याचं पाणी घेत होतो, आई दारातच. "पिण्याचं पाणी गाडीला?" पुढं काही बोलली नाही, पण मी हातातला मग परत माठात रिकामा केला. जूनपर्यंत बोअरचं पाणी अन् झटपट टॉवेल, एवढ्यावरच भागवावं लागणार.

छताचं पॉलिश आत्ता करू का?

नांदेडचा रंगारी

सात ठिपक्यांसाठी अख्खं छत घासू नका. छत बघतं कोण, गच्चीवरून शेजारी? बॉनेटवर उठले तर या.

मांजराकाठचा (लातूर)

बरं. आईचा एक निरोप आहे: शांपूच्या बादलीतलं उरलेलं पाणी जास्वंदीला चालतं का?

परभणीची मॅडम

जास्वंदीला नको म्हणावं. त्यात टायर धुवा.