अंगोला: क्युबन सैनिक अमेरिकन तेलविहिरींवर पहारा देत होते हे खरंय का?

शून्यप्रहर
नमस्कार मंडळी. सध्या शीतयुद्ध वाचायचा नाद लागलाय. कोरिया, व्हिएतनाम, अफगाणिस्तान झालं, तिथं निदान कोण कोणाच्या बाजूनं हे तरी कळतं. मग अंगोला काढलं आणि डोकं गरगरायला लागलं. पोर्तुगीज गेले, तीन संघटना एकमेकांच्या उरावर बसल्या, एमपीएलएच्या मागे रशिया आणि क्युबा, ठीक. पण उरलेल्या एफएनएलए आणि युनिटाच्या मागे अमेरिका, दक्षिण आफ्रिकेचं गोरं सरकार आणि वर चीनसुद्धा?? माओचा चीन आणि प्रिटोरियाचं गोरं सरकार एकाच बाजूला, हे पचवायचं कसं. त्यात कुठंतरी वाचलं की कॅबिंडात अमेरिकन कंपनी तेल काढायची आणि तिचं रक्षण क्युबाचे सैनिक करायचे. ही लोणकढी थाप आहे का?
मुख्य प्रश्न असा की ही माणसं महासत्तांसाठी लढत होती की महासत्तांनाच यांनी आपल्या भांडणात ओढलं? आणि सोव्हिएत युनियन १९९१ ला बुडालं तरी युद्ध २००२ पर्यंत कसं काय चाललं?

कट्टेकर
सोपं आहे हो. मॉस्को आणि वॉशिंग्टननं बुद्धिबळाचा पट मांडला, मेले ते गरीब आफ्रिकन. बंदूक, रणगाडा, मिग विमान यातलं काय अंगोलात बनत होतं सांगा? ज्याचा माल त्याची लढाई. बाकी सगळं तपशील.

बाराखडी
कट्टेकर, तपशिलातच तर सगळी गंमत आहे. शून्यप्रहर, आधी तीन संघटना कुठल्या ते बघा म्हणजे निम्मं कोडं सुटेल. एमपीएलए म्हणजे लुआंडा शहर आणि आजूबाजूचे म्बुंडू लोक, शिकलेले, मिश्रवंशीय, डाव्या विचाराचे, नेता अगोस्तिन्यो नेटो, हा डॉक्टर आणि कवी. एफएनएलए म्हणजे उत्तरेकडचे बाकोंगो, नेता होल्डन रोबेर्तो, जो लहानपणापासून शेजारच्या झाईरमध्ये (आजचं काँगो) वाढला आणि तिथला हुकूमशहा मोबुतूशी ज्याची सोयरीक होती. युनिटा म्हणजे मधल्या पठारावरचे ओविंबुंडू, नेता जोनास साविंबी. ही फूट पोर्तुगीज असतानाच पडलेली होती, जंगलात एकमेकांवर गोळ्या झाडून झालेल्या होत्या. म्हणजे देश बाहेरच्यांनी येऊन फोडला असं नाही, फुटलेला आयता मिळाला.
जानेवारी १९७५ मध्ये पोर्तुगालमधल्या आल्व्होरला करार झाला, तिघांनी मिळून हंगामी सरकार चालवायचं, ११ नोव्हेंबरला स्वातंत्र्य. ते सरकार काही महिनेसुद्धा धड चाललं नाही. जो ११ तारखेला लुआंडात असेल तो सरकार, हे प्रत्येकाला कळलं होतं आणि तिथून पुढे शर्यतच लागली. अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री किसिंजरच्या आग्रहावरून सीआयएनं गुपचूप पैसा ओतला, एकूण ३ कोटी डॉलरच्या वर. चीननं झाईरमध्ये एफएनएलएच्या पोरांना शिकवायला प्रशिक्षक पाठवलेलेच होते, कारण तेव्हा चीनला अमेरिकेपेक्षा रशियाचा जास्त राग. पण ऑक्टोबरमध्ये दक्षिण आफ्रिकेचं सैन्य दक्षिणेकडून आत घुसलं आणि चीननं हळूच काढता पाय घेतला, आफ्रिकेत गोऱ्या सरकारसोबत फोटोत दिसणं त्यांना परवडणारं नव्हतं. तेव्हा तुमच्या "पचवायचं कसं"चं उत्तर असं की चीनलाही ते पचलं नाही.
किफांगोंदोची लढाई जरूर वाचा. १० नोव्हेंबर, स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी, लुआंडाच्या उत्तरेला जेमतेम २०-२५ किलोमीटरवर. रोबेर्तोला घाई, उद्या राजधानीत शिरायचंय. दोन्ही बाजूला दलदल आणि मधून एकच रस्ता, त्या रस्त्यानं त्यानं सरळ समोरून माणसं घातली. सोबत झाईरचं सैन्य, मागे दक्षिण आफ्रिकेच्या तोफा, आणि झाईरवाल्यांकडच्या लांब पल्ल्याच्या तोफा तर चक्क उत्तर कोरियाच्या! त्यातली एक आपल्याच तोफखान्याला घेऊन फुटली. समोरून क्युबनांनी बीएम-२१ रॉकेटं सोडली आणि फौज उधळली. एफएनएलए तिथंच संपली म्हटलं तरी चालेल. मध्यरात्री नेटोनं लुआंडात स्वातंत्र्य जाहीर केलं.

म्हापसेकर
बाराखडींनी छान मांडलंय. थोडं मागे जातो कारण आम्हा गोंयकारांना यात जास्त इंटरेस्ट. १९६१ हे साल पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारला भोवलं, फेब्रुवारीत लुआंडात उठाव, मार्चमध्ये उत्तर अंगोला पेटलं आणि डिसेंबरात गोवा, दमण, दीव गेलं. गोवा ३६ तासांत आटोपलं पण आफ्रिकेत पोर्तुगाल पुढं १३ वर्षं लढत बसला, तेही नाटोचा मेंबर असताना. शेवटी एप्रिल १९७४ ला त्यांच्याच सैन्यानं लिस्बनमध्ये सत्ता उलथवली आणि मग सगळं एका दमात सोडून दिलं, गोवा भारताचा हे कागदावर मान्यही त्याच वर्षाअखेरीस केलं. अंगोलात मात्र सत्ता नेमकी कोणाच्या हातात द्यायची हे ठरायच्या आतच निघाले.
आता कट्टेकर, तुमच्या बुद्धिबळाबद्दल. १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये क्युबानं सैन्य पाठवलं ते मॉस्कोला विचारून नाही. कास्त्रोनं निर्णय घेतला आणि मग कळवलं. सुरुवातीला पोरं नेली ती क्युबाच्या स्वतःच्या जुन्या ब्रिटानिया विमानांतून, अटलांटिक एका उडीत ओलांडायची ताकद नाही म्हणून बार्बाडोसला उतरत, तेल भरत. अमेरिकेनं बार्बाडोसला दम दिल्यावर तोही रस्ता बंद. रशियाची मोठी विमानं जानेवारीत आली, तोवर लुआंडा वाचलेलं होतं. सोव्हिएत नेता ब्रेझनेव्हला तेव्हा अमेरिकेशी गोडीगुलाबी टिकवायची होती, हे लचांड त्याला नकोच होतं.
आणि २७ मे १९७७ चं काय? एमपीएलएमधलाच नितो आल्व्हेस, मॉस्कोचा लाडका, त्यानं नेटोविरुद्ध बंड केलं. रशियन सल्लागार लुआंडात बसून गप्प बघत राहिले आणि क्युबन रणगाड्यांनी जाऊन रेडिओ स्टेशन परत घेऊन दिलं. नंतर नेटोच्या लोकांनी जी कत्तल केली त्यात हजारो गेले, त्यावर तिथं कित्येक वर्षं बोलायचीही सोय नव्हती. सांगायचं एवढंच, एकाच बाजूचे दोन धनी आणि दोघं दोन दिशेला.

कट्टेकर
म्हापसेकर, एका बंडावरून सिद्धांत नको. कास्त्रोनं ठरवलं असेल, पण पुढची १५ वर्षं रणगाडे आणि मिगं कोणी पुरवली? अब्जावधी डॉलरची. रशियानं नळ बंद केला असता तर क्युबा किती दिवस टिकला असता?

तेलंगी_तुका
कॅबिंडाची थाप नाही, शंभर टक्के खरंय. कॅबिंडा म्हणजे अंगोलाचा तुटलेला तुकडा, मध्ये झाईरची पट्टी. समुद्रात गल्फ ऑइलच्या विहिरी, नंतर ती शेव्हरॉननं घेतली. १९७५ च्या शेवटी अमेरिकन सरकारच्या दबावानं गल्फनं काम थांबवलं, पण काही महिन्यांतच परत सुरू केलं, रॉयल्टी एमपीएलए सरकारला. त्या पैशातून सरकार रशियाकडून शस्त्रं घ्यायचं आणि क्युबन सैन्याचा खर्चही बराचसा त्यातूनच. मालोंगोला कंपनीचं बेस, आत टेक्सास-लुइझियानाचे इंजिनियर, परिसरात क्युबन तुकड्या.
मे १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे कमांडो समुद्रातून रात्री उतरले, मालोंगोच्या तेलटाक्या उडवायला. बेत असा की काम युनिटाच्या नावावर खपवायचं. अंगोलन गस्तीला सापडले, दोघं मेले, कॅप्टन वायनांद डू टॉय जखमी होऊन जिवंत हाती लागला आणि मग त्याला जगाच्या पत्रकारांपुढे बसवलं. म्हणजे बघा, अमेरिकेचा मित्र देश अमेरिकन कंपनीच्या टाक्या उडवायला येतो आणि त्या वाचवतं कोण, तर मार्क्सवादी सरकारचं सैन्य. आणि त्याच वर्षी जुलैत अमेरिकन काँग्रेसनं क्लार्क दुरुस्ती रद्द केली (व्हिएतनामनंतर अंगोलातल्या गटांना मदत द्यायला बंदी घातलेली ती), जानेवारी १९८६ ला साविंबी व्हाइट हाउसमध्ये रेगनसमोर बसला, आणि युनिटाला स्टिंगर, म्हणजे खांद्यावरून डागायची विमानविरोधी क्षेपणास्त्रं मिळाली. तेल विकत घ्यायचं आणि विकणाऱ्याला पाडायलाही पैसे द्यायचे. हे बुद्धिबळ असेल तर खेळणाऱ्याला आपली सोंगटी कुठली तेच माहीत नव्हतं 😄

बाराखडी
तुका, साविंबीचं अजून ऐका. हा माणूस साठच्या दशकात चीनमध्ये गनिमी काव्याचं ट्रेनिंग घेऊन आलेला, माओची भाषा बोलणारा. पोर्तुगीज असताना एमपीएलएला दाबायला पोर्तुगीज सैन्याशीच आतून संधान. मग दक्षिण आफ्रिकेची मदत, मग वॉशिंग्टनमध्ये लोकशाहीचा सेनानी. माझ्या मते यानं सगळ्यांना वापरलं. त्याच्या जांबामधल्या तळावर पाहुण्यांना नीट आखलेले रस्ते, परेड, दवाखाना दाखवायचे. आणि त्याच्याच संघटनेत चेटूक केलं म्हणून बायकामुलांना जिवंत जाळलं, १९८३ मध्ये, हे बाहेर यायला पुढे बरीच वर्षं गेली.
कट्टेकर म्हणतात तो नळाचा मुद्दा मला अर्धाच मान्य. १९८७ ला युनिटाच्या ताब्यातल्या माव्हिंगावर मोठी चढाई करा हा हट्ट रशियन सल्लागारांचा होता, क्युबन नको म्हणत होते. लोंबा नदीवर दक्षिण आफ्रिकेनं अंगोलन ब्रिगेड अक्षरशः साफ केली आणि उरलेले मागे सरत क्वितो क्वानाव्हालेला अडकले. मग कास्त्रोनं आणखी सैन्य पाठवलं, एकूण ५० हजारांच्या आसपास, आणि मुख्य म्हणजे क्वितोत बचाव करताना दुसरीकडून नामिबियाच्या (तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातला) सीमेकडे सरकला. डिसेंबर १९८८ ला न्यूयॉर्कचा करार, क्युबन परत जाणार आणि नामिबिया स्वतंत्र होणार. क्वितोत नेमकं जिंकलं कोण यावर हवाना आणि दक्षिण आफ्रिकेचे जुने गोरे (आफ्रिकानेर) अधिकारी अजून भांडतात, त्यात मी पडत नाही.

शून्यप्रहर
सगळ्यांचे आभार, भारी माहिती. पण १९९१ नंतरचं राहिलंच की.

म्हापसेकर
१९९१ ला सरकार आणि युनिटात बिसेसचा शांतता करार, सप्टेंबर १९९२ ला निवडणूक. नेटोनंतरचा एमपीएलएचा राष्ट्राध्यक्ष दोस सांतोस ४९ टक्के आणि काही, साविंबी ४० टक्के. पन्नाशी गाठली नाही म्हणून दुसरी फेरी व्हायची होती, साविंबी म्हणाला मतं चोरली आणि पुन्हा जंगलात. लुआंडात युनिटाच्या माणसांची कत्तल झाली, मधल्या पठारावरचं कुईतो शहर (वरचं क्वितो क्वानाव्हाले वेगळं) युनिटानं महिनोन्महिने वेढून ठेवलं, लोक अन्नासाठी सुरुंगाच्या शेतात शिरायचे. या वेळी बाहेरचा धनी कोणालाच नको होता, कारण घरचीच तिजोरी भरलेली. सरकारकडे तेल, साविंबीकडे लुंडा प्रांतातले हिरे. अमेरिकेनं १९९३ ला ज्यांना इतकी वर्षं पाडत होती त्याच सरकारला मान्यता दिली. युनोनं १९९८ मध्ये युनिटाच्या हिऱ्यांवर बंदी घातली तरी ते झिरपतच राहिले.
आणि सगळ्यात कहर, दक्षिण आफ्रिकेच्या ३२ बटालियनमधले सैनिक, जे युनिटासाठी लढले होते, तेच एक्झिक्युटिव्ह आउटकम्स नावाच्या खाजगी कंपनीतून पगार घेऊन आता एमपीएलएच्या बाजूनं, युनिटाविरुद्ध. साविंबी २२ फेब्रुवारी २००२ ला मोशिकू प्रांतात मारला गेला आणि ४ एप्रिलला शस्त्रसंधी झाली. सहा आठवडे! २७ वर्षं चाललेलं युद्ध एक माणूस गेल्यावर सहा आठवड्यांत मिटतं. कट्टेकर, हे तुमच्या पटावर बसवून दाखवा.

कट्टेकर
बसवतो की. तेल आणि हिरे विकत घेणारे कोण होते? अंगोलन?