भाचा परत अंथरूण ओलं करायला लागलाय, घरातल्या भांडणांमुळे असेल का?

ताईचा मुलगा ७ वर्षांचा. दाजी पिऊन आले की तिच्यावर हात उचलतात, पोराला कधी बोट लावलं नाही म्हणून ती गप्प बसते. पण चारेक महिने झाले तो रात्री अंथरूण ओलं करतो, शाळेच्या वेळेला पोट दुखतं, सगळे रिपोर्ट नॉर्मल. खाली बाईकचा आवाज आला की टीव्ही बंद करून आत पळतो.

खिडकीतली: असेल कशाला, त्यामुळेच वाटतंय. मी अशाच घरात वाढलेय, जिन्यातल्या चपलांच्या आवाजावरून कळायचं बाबा किती प्यायलेत. मार आईला होता, मला नाही, तरी आजही कुणी दार आपटलं की छातीत धस्स होतं. आणि वाटायचं काय, तर माझ्या मार्कांवरूनच हे सुरू झालं!

कोकणी_काका: संसार आहे, पोराकडे बघून सांभाळून घ्यावं ताईंनी.

वकीलीणबाई: काका, पोराकडे बघूनच तर म्हणतोय ना. त्याला स्पष्ट सांगा, तुझी काही चूक नाही, मध्ये पडायचं नाही, सरळ शेजारच्या काकूंकडे जायचं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम २१ खाली मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो, अर्जाला संरक्षण अधिकारी मदत करतात. हेल्पलाइन नंबर: ताईंसाठी १८१, मुलासाठी १०९८. आणि बालमानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवाच.

प्रश्नकर्ती: थँक्यू. रविवारी दोघांना माझ्याकडे आणतेय, मग बघू ताई काय म्हणते.